साव्विच्नाची दहा काडतुसं

आमच्या वेर्ख-तालित्सा वस्तीत बंदूक 'अडकली' असं कुणी म्हणत नाही. बंदूक 'नाही म्हणाली' असं म्हणतात. खटका दाबला आणि गोळी सुटलीच नाही, किंवा सुटली पण काडतुसाची रिकामी पुंगळी आतच रुतून बसली, की म्हातारे शिकारी मान हलवून म्हणणार, "म्हणाली बाबा, नाही म्हणाली." एखाद्या बाईनं मागणी नाकारली तरी शब्द तोच. त्यामुळे कुणाच्या रायफलीची आणि कुणाच्या लग्नाची बातमी आमच्याकडे एकाच वाक्यात येते, आणि अर्धवट ऐकणाऱ्याचा पार घोळ होतो.

कधीच नाही न म्हणणाऱ्या बंदुकीला आमच्याकडे 'बिननकाराची' म्हणतात, आणि सगळी वस्ती कपितोलिना साव्विच्नालाही तेच म्हणायची. एकसष्ट वर्षांची ठेंगणी बाई, गाल बारा महिने लालबुंद. बाहेरगावी जाताना मांजर कुणाकडे ठेवायचं? साव्विच्नाकडे. बटाट्यावरचे किडे वेचायला कोण येईल? साव्विच्ना. शेजारच्या रिम्माच्या साठ बरण्या काकड्या खारवायच्या, तर साव्विच्ना हजर, आणि बरण्यासुद्धा साव्विच्नाच्याच. ही रिम्मा तिची जन्माची मैत्रीण. गोड बोलून काम करून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. "अगं, तुझ्यासारख्या काकड्या कुणाला जमतात का?" एवढं म्हटलं की साव्विच्नाच्या बाह्या वर सरकल्याच म्हणून समजा.

नवऱ्यालाही ती नाही म्हणाली नव्हती. उत्तरेला तेलाच्या कामावर जातो म्हणाला, ही म्हणाली, "हो, जा." तो नतद्रष्ट गेला तो गेलाच, तिकडे दुसरा संसार थाटून बसला. त्याचं नाव निघालं की वस्तीचं डोकं अजून फिरतं. साव्विच्नाचं मात्र फिरत नाही. ती म्हणते, "गेला तो बरा. घोरायचा फार."

एकोणिसाव्या वर्षी ती नदीपलीकडच्या काडतुसांच्या कारखान्यात रोगणखात्यात लागली, ती अडतीस वर्षांनीच बाहेर पडली. आमच्या कारखान्यात पितळेची चैन नव्हती, पुंगळ्या पोलादाच्या. पितळ कसं, गोळी सुटताना फुगतं आणि लगेच अंग आवरून घेतं. पोलाद हट्टी. एकदा फुगलं की तितक्या चटकन मागे येत नाही. वर त्याला गंजाचीही भीती. म्हणून त्यावर हिरवं रोगण चढवायचं. ते नीट चढलं की काडतूस सुळकन आत जातं आणि पुंगळी सुळकन बाहेर येते. साव्विच्ना डोळे मिटून अंगठा फिरवायची आणि सांगायची, "हिच्या खांद्यावर पातळ झालंय, काढा बाजूला." शेवटची पंधरा वर्षं ती निरीक्षक होती. प्रत्येक खोक्यात बोटभर कागदाची चिठ्ठी असायची, 'निरीक्षक क्रमांक १७', आणि खाली तिचा निळा शिक्का. अशा किती चिठ्ठ्या कुठल्या कुठल्या रानात गेल्या, देव जाणे. तिला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान वाटतो हे ती लपवायचीही नाही.

तिच्याबद्दल काहीही बोला, ती हसून सोडून देणार. तिच्या काडतुसांबद्दल मात्र बोलायची सोय नव्हती. रोगण गरम नळीत वितळतं आणि चिकटून बसतं, अशी एक आवई शहरी शिकाऱ्यांनी उठवलीय. तसं एकजण कारखान्याच्या खानावळीत बोलला, तेव्हा हिनं काय करावं? ब्लिनीच्या धिरड्यांचा तवा चुलीवर लाल होईस्तोवर तापवला, त्यावर एक रिकामी हिरवी पुंगळी ठेवली आणि त्याला समोर बसवलं. "बघत राहा. वितळली की मला हाक मार." रोगण काळवंडलं, पण थेंबभरही ओघळलं नाही. तो बिचारा जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उपाशी पुंगळीकडे बघत बसला. "चिकटतं ते रोगण नाही, काजळी," ती त्याला म्हणाली. "पोलाद नळीला घट्ट बसत नाही, म्हणून धूर मागे येतो. आठवड्यातून एकदा नळी पुसायचा आळस तुमचा, आणि नाव माझ्या रोगणाचं!"

आता या सगळ्यात येर्मोलाय फोकिच कुठून आला, ते ऐका.

फोकिच बंदुका दुरुस्त करतो. चौसष्ट वर्षांचा विधुर, बांबूसारखा उंच, कामाला लागला की शिट्टी वाजवणारा. दोन वर्षांपूर्वी तो साव्विच्नाच्या शेगडीचं दार बसवायला आला, चहा प्यायला, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा काही ना काही बसवायला येऊ लागला. तिच्या घरात दुरुस्त करायचं काही उरलं नाही, तेव्हा ती स्वतःच एकेक खिळा ढिला करून ठेवू लागली. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. फक्त त्या दोघांना वाटायचं, कुणाला पत्ता नाही.

एकच गोष्ट आडवी यायची. फोकिच होता पितळवाला. त्याची लाडकी सेमी-ऑटोमॅटिक रायफल, एक गोळी सुटली की पुंगळी आपोआप फेकून पुढचं काडतूस आपोआप ओढून घेणारी, तिच्यात त्यानं जन्मात पोलादी काडतूस घातलं नव्हतं. साव्विच्नानं त्याच्या वाढदिवसाला आपल्या शिक्क्याचं एक खोकं दिलं, तर त्यानं लवून आभार मानले आणि त्यातलं एकही काडतूस झाडलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचा, "ठेवलंय, कावळे हाकलायला." ते तिच्या कानावर आलं होतं. तिला ते लागलं होतं.

ऑगस्टात रिम्माचा वाढदिवस झाला. टेबलाभोवती वीस माणसं, मासे भरून भाजलेला भला मोठा पाव, पिरोग, मधोमध, आणि रिम्माच्या तोंडाला कुलूप नाही.

"काय हो फोकिच, तिच्या दाराच्या बिजागऱ्या किती वेळा बसवणार? एकदा विचारून टाका ना!"

फोकिचचे कान लाल झाले. तो ताटात बघत म्हणाला, "विचारलं असतं. पण नाही म्हणाल्या तर?"

"साव्विच्ना आणि नाही?" शिकारी मंडळाचा अध्यक्ष गलाक्तिओन गरजला. हा माणूस साधं मीठ मागतो तेही रानात हाकारा घातल्यासारखं. "अरे, ही बाई आणि हिची काडतुसं, कधी नाही म्हणाली आहेत का?"

इथं फोकिचनं गप्प बसायचं. पण पितळवाल्याची जीभ! म्हणाला, "बाईंचं मी बोलत नाही. काडतुसं मात्र माझ्या रायफलीत नाही म्हणतील. रोगण वितळतं ना."

साव्विच्नानं सुरी खाली ठेवली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हणालात फोकिच? वितळतं?"

"लोक म्हणतात..."

"लोक गेले खड्ड्यात. माझी दहा काडतुसं, तुमची रायफल, नेमाच्या रविवारी, सगळ्यांसमोर. एक जरी नाही म्हणालं ना, तर माझंही नाही. कायमचं. चहासुद्धा बंद!"

"आणि दहाही सुटली तर?" रिम्मानं हळूच विचारलं.

साव्विच्ना जरा गडबडली. "तर... त्यांनी विचारून बघावं."

सगळ्यांनी टेबल बडवलं. शब्द तोंडातून गेला तो गेला.

घरी येऊन साव्विच्ना शेगडीच्या दाराकडे बघत बसली. आपण हे काय करून बसलो? त्याच्या शिट्टीशिवाय घर कसं वाटेल याचा विचार आला आणि तिनं दाराचा ढिला करून ठेवलेला खिळा पुन्हा घट्ट केला. काडतुसांची तिला काळजी नव्हती. काळजी होती ती फोकिचची. बंदुकांमधला तो दर्दी माणूस. मनात आणलं तर रायफलीची काडतूस बसायची खोबण आठवडाभर न पुसता ठेवायला त्याला कितीसा वेळ लागणार? वाद जिंकायचा की ती हवी, हे आता सर्वस्वी त्याच्या हातात होतं. आणि पितळवाले हट्टी असतात, हे ती अडतीस वर्षं बघत आली होती.

तरी त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी तिनं कारखान्याचं एक नवंकोरं खोकं घेतलं आणि थेट त्याच्या कार्यशाळेत जाऊन ठेवलं.

"हे घ्या. तुमच्याकडेच ठेवा. नाहीतर म्हणाल, मी निवडून निवडून आणली."

"माझ्यावर एवढा भरवसा?" फोकिचनं विचारलं.

"बघू या," ती म्हणाली आणि मागं न बघता निघून आली.

नेमाचा रविवार म्हणजे आमच्याकडे हिवाळी शिकारीआधीचा सण. जुन्या खाणीत सगळे आपापल्या रायफलींचा नेम तपासायला जमतात. त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं, बर्चची पानं पिवळी झाली होती, कढईत माशांचा रस्सा उकळत होता, चहाचा समोवार शेजारी फुसफुसत होता. एरवी निम्मी वस्ती येते, त्या दिवशी सगळी आली. साव्विच्नानं निळा रुमाल बांधला होता. रिम्मा तिच्या कानाशी लागली, "अगं, नुसता धसका घेतल्यासारखी काय उभी राहिलीस? हस की जरा."

"हसतेच आहे," साव्विच्ना म्हणाली. तिचे दात कडकड वाजत होते.

फोकिच घरूनच मॅगझिन भरून घेऊन आला होता. आडवा झाला, दस्ता खांद्याला लावला. गलाक्तिओन मोजू लागला आणि पाठोपाठ सगळी खाण मोजू लागली.

"एक! दोन! तीन!"

पुंगळ्या उजवीकडे गवतात उडत होत्या, उन्हात चमकत होत्या. चार, पाच. साव्विच्नाचा श्वास मोकळा झाला. सहा!

"सात!"

गोळी सुटली. पुंगळी मात्र आली नाही. फोकिचनं पुन्हा खटका दाबला. नुसती शांतता. त्यानं बोल्ट ओढून बघितला, तो जागचा हलेना.

मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "म्हणाली... नाही म्हणाली."

 रिम्मानं साव्विच्नाचा दंड धरला. गलाक्तिओनसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला, "आता काय करायचं?" मग त्यानं रायफल हातात घेतली, मॅगझिन काढलं, समोरून नळीत गज घालून ठोकला, आणि रुतलेली पुंगळी टणकन दगडावर पडली.

दुसरी बाई असती तर रडत घरी गेली असती. साव्विच्ना निरीक्षक होती. निरीक्षक आधी माल बघतो. तिनं पुंगळी उचलली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

तिचे डोळे उघडले ते असे उघडले, की पुढची माणसं मागं सरली.

"ही उघडी आहे! हिच्यावर रोगणच नाही! कुणी सोलली माझी काडतुसं?"

ती गवतात वाकली, एकेक पुंगळी उचलू लागली. सगळ्या चकचकीत, पांढऱ्याफटक. उन्हानं चमकत होत्या असं तिला वाटलं होतं, त्या नुसत्या उघड्या पोलादाच्या होत्या. तिनं मान वर केली. फोकिच तसाच गुडघ्यावर बसला होता, टोपी हातात.

"फोकिच! तुम्ही?"

"मीच."

"मुद्दाम? वाद जिंकायला?" तिचा आवाज चिरकला. "सरळ तोंडावर नाही म्हणायचं होतंत. माझं काम सोलायची काय गरज होती?"

"नाही हो! जिंकायला नाही!" फोकिच धडपडत उठला. "मला वाटलं, रोगण खरंच वितळलं तर? तर तुम्ही नाही म्हणणार. मला झोप लागेना. म्हटलं, रोगणच नको. शुक्रवार-शनिवार दोन्ही दुपारी लोकरीचा नमदा आणि खडूची पूड घेऊन घासत बसलो. एकेक काडतूस आरशासारखं केलं. कशाला चिकटायलाच काही उरू नये म्हणून..."

 रिम्माला हसण्याची पहिली उकळी फुटली, आणि मग सगळी खाण हसली. गलाक्तिओनला तर ठसका लागला, त्याच्या पाठीत दोघांना बुक्के मारावे लागले.

साव्विच्ना हसली नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांची टोकं घासून घासून लाल झाली होती, दोन नखं फुटली होती.

"अहो गाढवा," ती म्हणाली, आणि गाढव हा शब्द इतक्या मऊ आवाजात आमच्या खाणीत कधी कुणी ऐकला नसेल. "पुंगळी ज्याच्यावरून सरकते तेच सोललंत. पोलाद सुटतं ते रोगणावरच. अडतीस वर्षं काय मी शोभेसाठी रंगवत होते?"

"आता कळलं," फोकिच पुटपुटला.

गलाक्तिओननं घसा साफ केला आणि अध्यक्षाचा आवाज काढला. "मंडळाचा निर्णय! सोललेली काडतुसं ही साव्विच्नाची काडतुसं नव्हेत. फेरी रद्द. नव्यानं दहा. कुणाकडे आहेत का हिरवी?"

या मापाची कुणाकडेच नव्हती. फोकिचनं सगळं खोकं सोललं होतं, वीसच्या वीस. आता घरी जाऊन आणायची तर दुपार उलटणार, असं बोलणं चाललेलं असताना फोकिचनं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुनं खोकं, कडा झिजलेल्या, तोंड अजून चिकटवलेलं. झाकणाच्या फटीतून चिठ्ठीचं टोक डोकावत होतं आणि त्यावर निळी शाई.

"हे... कावळे हाकलायचं?" साव्विच्नानं विचारलं.

"कावळ्यांचं मी उगाच सांगायचो. हे देवाच्या तसबिरीखाली असतं. आज शकुनाला म्हणून आणलं." त्यानं मान खाली घातली. "फोडवलं नाही. आत तुमची चिठ्ठी आहे."

रिम्मानं नाक ओढलं. साव्विच्नानं निळा रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"फोडा," ती म्हणाली. "आणि ती खोबण आधी पुसा. आणि रायफल इकडे द्या. मी झाडणार."

"तुम्ही? कधी झाडलीय का?"

"अडतीस वर्षं बनवली. एकदाही झाडली नाही. कुणी विचारलंच नाही."

फोकिचनं खोकं फोडलं, चिठ्ठी काढून टोपीच्या अस्तरात खोचली. खोबण ब्रशनं घासून कापडानं लख्ख पुसली. दहा हिरवी काडतुसं मॅगझिनमध्ये भरली. गलाक्तिओननं तिला बाकावर बसवलं, नळी वाळूच्या पोत्यावर टेकवली, कानावर टोप चढवले, आणि खांदा कसा द्यायचा ते दाखवत पाठीशी उभा राहिला. फोकिचनं दस्त्याखाली आपली टोपी घडी करून घातली, तिचा खांदा दुखू नये म्हणून.

पहिल्या गोळीला ती किंचाळली. दुसरीलाही किंचाळली, पण हसत. तिसरीनंतर ओरडली, "अरे, ही तर पुढचं आपोआप घेते!" जणू हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हिरव्या पुंगळ्या सुळसुळ बाहेर पडत होत्या आणि वस्ती घसा फोडून मोजत होती. सहाला सगळे थबकले. सात! सातवी पुंगळी गवतात पडली, तेव्हा टोप्या उडाल्या. आठ. नऊ. निशाणाच्या फळीला अजून एकही लागली नव्हती. मागच्या टेकाडाची मात्र दुर्दशा झाली होती. दहावी गोळी फळीच्या लाकडी पायाला लागली, आणि फळी सावकाश कलून तोंडावर पडली.

"दहा!" गलाक्तिओन एवढ्या जोरात ओरडला की समोवारजवळची कुत्री पळाली. "आणि निशाण लोटांगण घालतंय!"

साव्विच्ना उठली, टोपी फोकिचच्या डोक्यावर ठेवली. खांदा चोळत गवतात वाकली, दहावी पुंगळी शोधली, अंगठा फिरवला. रोगण जिथल्या तिथं. तिनं ती फोकिचच्या समोर धरली.

"वितळलंय का?"

"नाही."

"मग बोला आता. विचारायचं होतं ना?"

फोकिचनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जीभ टाळ्याला चिकटलेली, घशातून नुसती हवा. चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि शब्द पार रुतून बसला.

"हा अडकला!" रिम्मा ओरडली. "अरे, याला रोगण लावा कुणीतरी!"

हसून हसून वस्तीची पुरेवाट झाली. साव्विच्नानं पुढं होऊन त्याचा फुटक्या नखांचा हात हातात घेतला आणि पुंगळी त्याच्या मुठीत दिली.

"धर. अजून गरम आहे," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला तुम्ही म्हणाली नाही.

"कापा," फोकिच म्हणाला, कपितोलिनाचं घरगुती नाव पहिल्यांदाच घेत, "माझ्या घरी तुझी म्हणून एक चिठ्ठीच काय ती होती. तू येशील?"

आता साव्विच्ना म्हणजे हो म्हणायला पळभर न थांबणारी बाई. मांजराला हो, बरण्यांना हो, पळून जाणाऱ्या नवऱ्यालाही हो. या वेळी ती थांबली. रस्सा उतू जाऊ लागला तरी कुणी कढईकडे बघेना. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसा एखादा नग बाजूला काढायचा की खोक्यात घालायचा ते बघावं तसं. आयुष्यात पहिल्यांदा ती विचार करून उत्तर देत होती, आणि तिला ते फार आवडलं.

"हो," ती म्हणाली.

मग जो गोंगाट झाला तो नदीपलीकडे कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. गलाक्तिओननं दोघांना एकदम मिठीत घेऊन उचललं, फोकिचची टोपी पडली, तिच्यातली चिठ्ठी उडाली, आणि चार माणसं तिच्यामागे धावली. रिम्मानं डोळे पुसले, मैत्रिणीचे दोन्ही गाल तीन-तीनदा चुंबले, आणि त्याच दमात म्हणाली, "आणि हे बघ गं, उद्या सकाळी लवकर ये हं. कोबी आणलाय चार पोती. चिरून खारवायचाय. तुझ्यासारखा कुणाला जमतो का?"

"नाही," साव्विच्ना म्हणाली.

रिम्मानं कान पुढं केला. "काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. उद्या मी नळी पुसायला शिकणार आहे."

गलाक्तिओननं वळून सगळ्या खाणीला ओरडून सांगितलं, "ऐकलंत का? साव्विच्ना नाही म्हणाली!" मागे चिठ्ठी शोधणाऱ्यांनी तेवढंच अर्धवट ऐकलं, आणि त्यांची तोंडं एकदम उतरली. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत रस्सा अर्धा जळला होता. तो सगळ्यांनी तसाच खाल्ला.